तप्त पुंगळी आणि नेमबाजाचा हात

मराठीतील ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजांच्या सहवासातून आलेला आहे. पोर्तुगीज शब्दामागे इटालियन ‘कार्तोच्चो’ हा शब्द असून त्याचा मूळ अर्थ कागदाची सुरळी असा आहे. काडतूस हे आरंभी खरोखरच कागदाचे होते. दारू आणि गोळी एका सुरळीत बांधलेली असे आणि बार उडाल्यावर त्या कागदाचे काहीही शिल्लक राहत नसे. आज शब्द तोच राहिला आहे, वस्तू मात्र बदलली आहे. आधुनिक काडतुसाचे आवरण धातूचे, बहुधा पितळेचे असते. गोळी निघून गेली, दारू जळून गेली तरी ते उरते. या रिकाम्या आवरणाला मराठीत ‘पुंगळी’ म्हणतात. अर्धस्वयंचलित बंदुकीत ही पुंगळी चाप ओढल्यानंतर सेकंदाच्या दशांशाहूनही कमी काळात बाहेर फेकली जाते, आणि ती बाहेर पडते ती तापलेली असते. नेमबाजाच्या उजव्या बाजूस उभ्या असलेल्या माणसाला तिचा चटका केव्हा ना केव्हा बसतोच. ही गोष्ट किरकोळ समजून हसण्यावारी नेण्याचा प्रघात आहे. परंतु ती उष्णता कोठून येते, ती बाहेर पडण्यात बंदुकीचे कोणते हित साधते आणि त्या चटक्यात खरा धोका कशाचा असतो, हे तिन्ही प्रश्न विचार करण्याजोगे आहेत.

ठासणीच्या बंदुकीत हे प्रश्न उद्भवतच नसत. तेथे दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासली जाई आणि जळणाऱ्या दारूची जी उष्णता गोळीबरोबर किंवा धुराबरोबर जात नसे ती सर्व नळीतच मुरत असे. तोफेच्या बाबतीत तर प्रत्येक बारानंतर नळीत ओला बोळा फिरवावा लागे, कारण आत एखादी ठिणगी राहिली तर पुढची दारू ठासतानाच पेट घेण्याचे भय होते. १८५७ साली ज्या एन्फील्ड काडतुसाच्या चरबीवरून असंतोषाचा भडका उडाला, तेही कागदाचेच होते. ते दातांनी तोडून त्यातील दारू नळीत ओतावयाची असे. त्यानंतर दहा वर्षांच्या आत इंग्रजी सैन्यात धातूच्या काडतुसाचा प्रवेश झाला. एडवर्ड बॉक्सर या अधिकाऱ्याने १८६६ साली स्नायडर रायफलसाठी तयार केलेल्या काडतुसाचे आवरण पितळेच्या पातळ पत्र्याच्या गुंडाळीचे होते. पुढे मार्टिनी-हेन्री रायफलीतही अशाच प्रकारचे आवरण वापरले गेले. त्याचा दोष रणांगणावरच दिसून आला. सूदानमधील १८८५ च्या मोहिमेत, नळी तापली आणि आत काजळी साचली की ही पातळ पुंगळी आत घट्ट बसे आणि ओढून काढताना तिचे बूड फाटून येई. शत्रू समोर असताना रायफल निकामी होणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. अखंड पत्र्यातून ओढून काढलेल्या जाड, बिनसांध्याच्या पुंगळीचा स्वीकार होण्यास असे अनुभव कारण झाले. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ साली सुरू झालेला दारूगोळ्याचा कारखाना याच स्थित्यंतराच्या काळातील होय. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथेही लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. २०२१ साली आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित झाल्यावर हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीकडे गेले.

पुंगळीसाठी वापरण्यात येणारे पितळ ठरावीक प्रकारचे असते. त्यात सुमारे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. हे मिश्रण थंड स्थितीतही ठोकून, ओढून हवा तसा आकार घेते, आणि असे ओढले असता कठीण होत जाते. कारखान्यात प्रथम पितळेची लहान वाटी कापून घेतात. मग ती साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून लांबवितात आणि मधून मधून तापवून तिचा ताठरपणा घालवितात. शेवटी बूड जाड व कठीण राहते, भिंती पातळ होतात आणि गळा सर्वांत मऊ ठेवला जातो. गळ्यापाशी दिसणारी निळसर-करडी छटा पाहून पुष्कळदा हा गोळीबाराचा परिणाम असावा असे वाटते. वस्तुतः ती छटा न उडविलेल्या लष्करी काडतुसावरही असते. गळा मऊ करण्यासाठी दिलेल्या आचेची ती खूण होय. ही आच देण्यामागे हिंदुस्थानातील एक अनुभव सांगितला जातो. पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठविलेल्या काडतुसांचे गळे आपोआप चिरत असत. ओढून ताणलेल्या पितळेत जो ताण दडलेला असतो, त्यावर पागेतील अमोनियाची दमट हवा काम करते आणि धातूला भेगा पडतात, हे कारण पुढे १९२१ च्या सुमारास धातुशास्त्रज्ञांनी स्पष्ट केले. योग्य आच दिली की तो ताण निघून जातो.

आता चाप ओढल्यानंतरचा प्रसंग पाहू. काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी ज्या पोकळीत बसते तिला सैनिक ‘चेंबर’ म्हणतात. खटक्याची सुई पुंगळीच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आदळते, टोपी पेटते आणि तिच्या ज्वाळेने दारू पेटते. आतील वायूचे तापमान अडीच हजार अंशांच्या आसपास जाते आणि दाब वातावरणाच्या साडेतीन ते चार हजार पट होतो. या दाबाने पुंगळीच्या भिंती फुगून चेंबरच्या पोलादाला चिकटतात आणि मागे जाऊ पाहणाऱ्या वायूची वाट पूर्णपणे बंद होते. गोळी तोंडाबाहेर पडताच दाब उतरतो आणि पितळ आपल्या लवचिकपणामुळे किंचित आक्रसते. एवढ्या आकुंचनामुळेच पुंगळी सैल होऊन ओढून काढण्याजोगी होते. हे सर्व सेकंदाच्या सुमारे सहस्रांश भागात घडते. पितळ नऊशे अंशांच्या पुढे वितळते, आणि त्याच्या अडीच पटींहून अधिक तापलेला वायू त्याला स्पर्श करीत असतो. तरीही पुंगळी वितळत नाही याचे कारण हेच की, वायूला तिच्यात उष्णता ओतण्यास अवधीच मिळत नाही.

तरी पण जी उष्णता शिरते ती थोडी नसते. भारतीय सैन्याने १९६२ च्या युद्धानंतर मोठ्या प्रमाणावर स्वीकारलेली, इच्छापूरच्या कारखान्यात तयार झालेली ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरणी रायफल, म्हणजेच सर्वत्र ‘एसएलआर’ म्हणून ओळखली गेलेली बंदूक, हिशेबासाठी घेता येईल. तिच्या काडतुसात सुमारे तीन ग्रॅम दारू असते आणि ती जळून अदमासे ११,००० जूल ऊर्जा मोकळी होते. साडेनऊ ग्रॅमच्या आसपास वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघते. तिची ऊर्जा ३,३०० जूलच्या जवळपास भरते. म्हणजे दारूच्या शक्तीपैकी जेमतेम तीन दशांश गोळीच्या वाट्याला येते. उरलेली बहुतेक तप्त वायूबरोबर तोंडाबाहेर जाते, काही नळी तापविते आणि काही पुंगळीत राहते. पुंगळीचे वजन बारा ग्रॅम धरले आणि तिचे तापमान सरासरी शंभर अंशांनी वाढले असे मानले, तर तिच्यात सुमारे ४५० जूल उष्णता साठते. दारूच्या एकूण ऊर्जेचा हा शेकडा चार भाग होय. दहा ग्रॅम पाण्याचे तापमान जवळजवळ अकरा अंशांनी वाढविण्यास एवढी उष्णता पुरेशी आहे. प्रत्यक्षात ही उष्णता सारखी पसरलेली नसते. पातळ गळा अधिक तापतो आणि जाड बूड त्या मानाने थंड राहते.

हातबोल्टच्या रायफलीत पुंगळीचा हा चटका क्वचितच जाणवतो. तेथे नेमबाज चाप ओढल्यावर क्षणभर थांबतो, मग मूठ उचलून बोल्ट मागे ओढतो. तोवर पुंगळीतील बरीचशी उष्णता चेंबरच्या जाड पोलादात उतरलेली असते. अर्धस्वयंचलित बंदुकीत हा अवकाश मिळत नाही. ‘एसएलआर’मध्ये गोळी नळीतील एका छिद्रापुढे गेली की थोडा वायू त्या छिद्रातून वर शिरतो आणि दट्ट्या मागे ढकलतो. त्यामुळे बोल्ट मोकळा होऊन मागे सरकतो, त्याचा आकडा पुंगळीच्या कडेला धरून तिला ओढतो, ती एका स्थिर अडथळ्यावर आदळते आणि उजव्या खिडकीतून भिरकावली जाते. लहान पिस्तुलांत वायूचे छिद्रही नसते. पुंगळी स्वतःच बोल्टला मागे रेटते आणि ती सुटत असताना चेंबरमध्ये काही दाब शिल्लक असू शकतो. म्हणून अशा पिस्तुलाच्या खिडकीतून पुंगळीबरोबर थोडा तप्त वायू आणि दारूचे अर्धवट जळलेले कणही बाहेर येतात. याशिवाय बरेच बार उडाले की चेंबर स्वतःच तापते आणि पुढच्या पुंगळ्यांना दुहेरी उष्णता लाभते. पहिल्या पुंगळीपेक्षा विसावी अधिक पोळते याचे कारण हे आहे.

मात्र ही बाहेर पडणारी उष्णता वाया गेली असे समजणे चुकीचे होईल. ती बाहेर पडते म्हणूनच बंदूक निर्धोक राहते. वरील हिशेबाने वीस काडतुसांच्या पुंगळ्या मिळून सुमारे ९,००० जूल उष्णता बाहेर नेतात. एक किलोग्रॅम पोलाद जवळजवळ वीस अंशांनी तापविण्यास ती पुरेल. शिवाय पितळेची भिंत मध्ये असल्यामुळे तप्त वायू चेंबरच्या भिंतीला थेट भिडत नाही. चेंबर फार तापले तर नवे काडतूस आत बसताच, चाप न ओढता, केवळ उष्णतेने आपोआप उडण्याचा संभव असतो. सतत मारा करणाऱ्या अनेक मशिनगनांत मारा थांबल्यावर बोल्ट मागेच राहून चेंबर रिकामे ठेवण्याची जी योजना असते ती याच भयापोटी. पुंगळी नसली तर काय होते याचा प्रयोग पश्चिम जर्मनीत झाला. हेक्लर आणि कॉख या कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘जी ११’ नावाची रायफल विकसित करण्यास घेतली. तिच्या काडतुसाला धातूचे आवरणच नव्हते, दारूच्या ठोकळ्यातच गोळी बसविलेली होती. वजन वाचले, पुंगळी बाहेर काढण्याची यातायात वाचली. परंतु उष्णता बाहेर नेणारे कोणी उरले नाही आणि आरंभीच्या नमुन्यांत तप्त चेंबरमध्ये काडतुसे आपोआप पेटू लागली. अखेर अधिक तापमानाला पेटणारी निराळी दारू शोधून काढावी लागली. एवढ्या परिश्रमानंतरही जर्मनीच्या एकीकरणाच्या सुमारास बदललेल्या परिस्थितीत ती रायफल सैन्यात सर्रास आली नाही. पुंगळी किती काम करते, हे तिच्या अभावामुळे सर्वांना कळले.

पुंगळी कोणत्या दिशेने फेकावयाची, हा बंदूक घडविणाऱ्यापुढचा पुढचा प्रश्न. बहुसंख्य माणसे उजव्या हाताची, म्हणून खिडकी उजवीकडे, असा सर्वसाधारण संकेत पडला. उजव्या खांद्यावर बंदूक टेकविणाऱ्याला त्यामुळे पुंगळी सहसा लागत नाही. डावखुऱ्याच्या बाबतीत मात्र तीच खिडकी त्याच्या चेहऱ्यासमोर येते आणि पुंगळी त्याच्या गालावरून किंवा दंडावरून जाते. अमेरिकेत १९८० च्या दशकात स्वीकारलेल्या ‘एम १६ ए २’ रायफलीवर खिडकीच्या मागे एक उंचवटा ठेवला गेला. त्यावर आदळून पुंगळी पुढच्या बाजूस वळते आणि डावखुऱ्याचा चेहरा वाचतो. ज्या आखूड रायफलींत चेंबर नेमबाजाच्या गालाजवळच असते त्यांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. ब्रिटिश सैन्याची १९८५ साली आलेली ‘एसए ८०’ ही रायफल याच कारणामुळे केवळ उजव्या खांद्यावरून चालविता येते. ऑस्ट्रियाच्या ‘स्टायर ऑग’मध्ये काही भाग बदलून खिडकी डावीकडे घेता येते. बेल्जियममधील ‘पी ९०’ ही बंदूक पुंगळ्या खाली टाकते. तेथील ‘एफ २०००’ ही रायफल तर त्या नळीसारख्या वाटेने पुढे नेऊन सोडते. तथापि पुंगळी कोठेही वळवली तरी ती कोठे तरी पडणारच, आणि मैदानावर नेमबाज एकटा नसतो.

अशी पुंगळी अंगावर पडली तर भाजते किती? त्वचेच्या भाजण्याविषयी मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, इजा केवळ तापमानावर नव्हे तर स्पर्शाच्या काळावरही अवलंबून असते. त्वचेचा पृष्ठभाग साठ अंशांवर राहिला तर खोल इजेला सुमारे पाच सेकंद लागतात, सत्तर अंशांवर एक सेकंदही पुरतो, आणि चव्वेचाळीस अंशांवर मात्र कित्येक तास लोटावे लागतात. उघड्या हातावर आदळून उसळणारी पुंगळी त्वचेला क्षणार्धच शिवते. म्हणून ती टोचल्यासारखी लागते, पण बहुधा खूण ठेवीत नाही. तीच पुंगळी सदऱ्याच्या गळपट्टीतून आत गेली, चष्म्याची काच आणि भुवई यांच्यामध्ये अडकली, किंवा उघड्या पादत्राणात शिरली, तर मात्र ती जागीच राहते आणि आपली सारी उष्णता एकाच ठिकाणी देते. तेथे लालसर चट्टा उठतो, क्वचित फोडही येतो. औषधोपचाराच्या दृष्टीने ही इजा साधारणपणे लहानच असते. पुंगळीत उष्णतेचा साठा मर्यादित असतो आणि तिचे पातळ पितळ ती लौकर देऊन टाकते.

मग धोका कोठे आहे? तो माणसाच्या हातात आहे. चटका बसताच अंग आखडून घेणे ही शरीराची उपजत क्रिया आहे. तिचा निर्णय मेंदू घेत नाही. त्वचेकडून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतच वळतो आणि वेदना नीट जाणवण्यापूर्वीच स्नायू हलतात. तव्याला बोट लागले असता हात मागे येतो तो याच वाटेने. स्वयंपाकघरात हे शहाणपण माणसाला वाचविते. बंदूक हातात असताना तेच त्याला फसविते. अर्धस्वयंचलित बंदुकीत पुंगळी बाहेर पडली याचा अर्थच असा की, त्याच क्षणी पुढचे काडतूस चेंबरमध्ये बसले आहे आणि घोडा चढलेला आहे. मुद्दाम काही न करताही बंदूक पुढच्या बारासाठी सज्ज असते. मैदानावर शेजारी शेजारी उभे असलेले दोन नेमबाज कल्पावेत. डावीकडच्याची पुंगळी उजवीकडच्याच्या गळपट्टीत पडते. तो दचकतो, वळतो, एका हाताने सदरा झटकू लागतो. दुसऱ्या हातातील पिस्तुलाचे तोंड आता लक्ष्याकडे नसून ओळीत उभ्या असलेल्या माणसांकडे वळलेले असते. दचकलेल्या माणसाची मूठ आपोआप आवळली जाते, आणि एका हाताने जोर केला की दुसऱ्या हाताची बोटेही नकळत आवळतात. बोट चापावर असेल तर पुढे काय होईल, ते निव्वळ दैवावर अवलंबून राहते. ज्याला चटका बसला त्याच्या अंगावर फार तर एक फोड उठतो. प्राणावर बेतते ते शेजाऱ्याच्या.

म्हणूनच जाणते शिक्षक नवख्याला नेम शिकविण्यापूर्वी चटका सोसण्यास शिकवितात. नियम थोडके आहेत. बोट प्रथम चापावरून काढून सरळ ठेवावे. बंदुकीचे तोंड लक्ष्याकडेच राहू द्यावे. शक्य असेल तर बंदूक समोरच्या फळीवर, तोंड पुढे करून ठेवावी, आणि त्यानंतरच पुंगळी काढण्यास हात मोकळा करावा. यास दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात त्वचा पोळते. परंतु ते पोळणे ही त्या सेकंदांची योग्य किंमत आहे. हे नियम ऐनवेळी आठवत नाहीत, कारण ऐनवेळी विचार उशिरा पोहोचतो. बंदूक हातात घेताना आणि ठेवताना प्रत्येक वेळी तीच कृती केली, तरच ती चटक्याच्या क्षणीही हातून घडते. गळ्यापर्यंत बंद होणारा सदरा, कड असलेली टोपी, डोळ्यांना कडेनेही झाकणारा चष्मा आणि बंद बूट, एवढ्या साध्या तयारीने पुंगळी अडकण्याची बहुतेक ठिकाणे बंद होतात.

क्रीडास्पर्धांच्या नियमांतही या गोष्टीची दखल घेतलेली दिसते. पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारांत अर्धस्वयंचलित पिस्तुले वापरतात. तेथे दोन नेमबाजांच्या मध्ये पडदे उभारावे लागतात, ते शेजाऱ्याच्या पुंगळ्या अडविण्यासाठीच. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले ते याच पंचवीस मीटर प्रकारात. त्याच जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले ते पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थिती या प्रकारात. तेथील रायफलीत प्रत्येक काडतूस हाताने भरावयाचे आणि रिकामी पुंगळी हातानेच बाहेर काढावयाची असते. पुंगळी केव्हा बाहेर यावी, हे तेथे नेमबाज ठरवितो. पंचवीस मीटरच्या मैदानावर ते यंत्र ठरविते, आणि म्हणून तेथे पडद्याची गरज भासते.

कागदाच्या सुरळीपासून पितळेच्या पुंगळीपर्यंतच्या वाटचालीत माणसाने दारूची उष्णता नळीतून काढून तिला एक वाहक दिला. यंत्राच्या दृष्टीने ही सोय निर्दोष आहे. बंदूक थंड राहते, चेंबर सुटे राहते आणि पुढचे काडतूस वेळेआधी पेटत नाही. ती उष्णता उतरते मात्र माणसांच्या अंगावर, आणि तेथे लोखंडाऐवजी मज्जारज्जू तिला उत्तर देतो. चेंबरपुरती काळजी बंदूक घडविणाऱ्याने घेतलेली आहे. बंदुकीचे तोंड कोणाकडे वळू द्यावयाचे, ही काळजी मात्र ती हातात धरणाऱ्यानेच घ्यावयाची असते.